आधी जागा, मग तांबं : छोट्या वायरलेस यंत्राचा अँटेना कसा करायचा

नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यात छोटी यंत्रं बनवणाऱ्या बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी सेन्सर चालवतात, मग फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम), मग डबी ठरते, बॅटरी बसते आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, अँटेना कुठे लावायचा? मग बोर्डाच्या ज्या कोपऱ्यात दुसरं काही बसत नव्हतं, तिथे तो कोंबतात. टेबलावर दोन मीटरवरून डेटा येतो, सगळे खूश. यंत्र गच्चीवर गेलं की बोंब सुरू होते.

पहिल्यांदाच असं यंत्र करायला घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. डिप्लोमाचे विद्यार्थी, आयओटीत, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांच्या कामात, नव्याने शिरलेले फर्मवेअरवाले, घरी ईएसपी-३२ हे वायफायचं छोटं मॉड्यूल घेऊन बसणारे, कुणीही. गणित थोडंच आहे, पण आहे तेवढं करा. आणि एक गोष्ट सुरुवातीपासून डोक्यात ठेवा : छोट्या यंत्रात अँटेना हा सुटा भाग म्हणून धरताच येत नाही. बोर्डावरचं ग्राउंड (शून्य व्होल्टचा तांब्याचा थर), बॅटरी, डबी, स्क्रू, शेजारचं पाणी हे सगळं मिळून जे होतं तो अँटेना. म्हणून त्याची जागा पहिल्या दिवशी ठरवायची.

उदाहरण एकच घेऊ. ठाण्यात घोडबंदर रोडवरची एखादी उंच सोसायटी. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली पंपरूममध्ये कळायला हवं, म्हणजे टाकी भरून गच्चीवरून धबधबा वाहणार नाही. टाकीच्या झाकणावर बॅटरीवर चालणारा सेन्सर, आत ६० बाय ४० मिलिमीटरचा बोर्ड, लोरा रेडिओ, म्हणजे कमी शक्तीत थोडा डेटा लांबवर पाठवणारा. खाली रिसीव्हर.

पहिली पायरी : कोणत्या पट्ट्यावर बोलायचं

भारतात असल्या यंत्रांना विनापरवाना वापरता येणारे कामाचे पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, जिथे वायफाय आणि ब्लूटूथ राहतात. दुसरा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. २००५ साली तो ८६७ पर्यंत खुला झाला होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. लोरावर चालणाऱ्या लोरावॅन नेटवर्कच्या भारतातल्या तीन मूळ वाहिन्या याच्यातच आहेत : ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ.

ऑनलाइन मॉड्यूल घेताना नीट बघा. ४३३, ८६८ आणि ९१५ ची मॉड्यूलं दिसायला सारखीच असतात आणि दुकानदार हमखास म्हणतो, 'चालून जाईल.' ९१५ हा अमेरिकेचा पट्टा आहे. आपल्याकडे तिथे मोबाइल कंपन्यांचं स्पेक्ट्रम येतं, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही. अँटेनाचंही तेच. ९१५ साठी कापलेला अँटेना ८६६ वर बऱ्यापैकी बाजूला पडतो. ८६८ चा युरोपी अँटेना मात्र आपल्याकडे चालतो.

आता तरंगलांबी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की उत्तर मीटरमध्ये येतं. ८६६ ला ३४६ मिलिमीटर, पाव लांबी (तारेचा साधा अँटेना साधारण एवढा असतो) ८६.५. २.४४ गिगाहर्ट्झला १२३ मिलिमीटर, पाव लांबी ३१ च्या जरा आत. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सारखे लागणार आहेत.

उंच इमारतीत स्लॅबमागून स्लॅब ओलांडायचे असतील तर ८६६ घ्या. २.४ गिगाहर्ट्झचा अँटेना तिपटीने छोटा होतो हे खरं, पण सिग्नल दुसऱ्या-तिसऱ्या स्लॅबला दम सोडतो.

दुसरी पायरी : डबी ठरायच्या आधी जागा मागून घ्या

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

डबीचं डिझाइन करणारा विचारतो, "साहेब, अँटेनाला किती सोडू? पाच मिलिमीटर बास ना?" या प्रश्नाला 'बघू' म्हणालात तर पाचाचे तीन होतात. आकडा हातात घेऊनच त्याच्यासमोर बसायचं.

पाव लांबीची तार हा अर्धाच अँटेना आहे. उरलेला अर्धा म्हणजे बोर्डावरचं ग्राउंड. तारेत जितका प्रवाह जातो, तितकाच ग्राउंडच्या तांब्यातही वाहतो आणि तोही लहरी फेकतो. त्यामुळे ग्राउंडची लांबीसुद्धा पाव तरंगलांबीच्या आसपास असलेली बरी. २.४ गिगाहर्ट्झला तीस-चाळीस मिलिमीटरचा बोर्ड पुरतो. ८६६ ला ८५-९० हवेत आणि आपला बोर्ड ६० चा आहे, म्हणजे सुरुवातीलाच थोडं नुकसान सोसायचंय. डबी लांबट करता येत असेल तर आत्ताच सांगा. बोर्ड ८५ बाय ३० चा केला तर क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं आणि अँटेना मात्र सुधारतो. चौकोनी बोर्डापेक्षा लांबट बोर्ड चांगला, एवढं जरी डबीवाल्याच्या गळी उतरवलंत तरी निम्मं काम झालं.

आणखी लहान करता येईल का? येईल, पण किंमत मोजावी लागते आणि ती निसर्गानेच ठरवलेली आहे. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवलं की अँटेना ज्या गोलात मावतो तो गोल तरंगलांबीच्या मानाने जितका लहान, तितका त्याचा पट्टा, म्हणजे तो नीट चालतो त्या वारंवारतांची रुंदी, अरुंद. ग्राउंडसकट अख्खं यंत्र ५० मिलिमीटर व्यासाच्या गोलात मावत असेल, तर ८६६ ला अगदी आदर्श अँटेनाचाही पट्टा साधारण ४७ मेगाहर्ट्झ येतो. व्यास ३० वर आणला की तोच पट्टा ११-१२ मेगाहर्ट्झवर घसरतो. प्रत्यक्षातले अँटेना याहूनही अरुंद असतात.

आपल्याला तर ३ मेगाहर्ट्झच हवेत, मग काय बिघडलं? बिघडतं ते पुढे. डबीचं झाकण लावलं की अनुनाद, म्हणजे अँटेना सगळ्यात चांगला चालतो ती वारंवारता, वीस-तीस मेगाहर्ट्झ सरकणं ही रोजची गोष्ट आहे. पावसात झाकणावर पाणी साचलं की आणखी सरकतो. पट्टा जितका अरुंद, तितकं हे सरकणं जिवावर येतं.

उलटी शंकाही घ्यायला शिका. शेंगदाण्याएवढ्या अँटेनाचा पट्टा भलताच रुंद दिसत असेल तर त्यात बहुधा ऊर्जा उष्णतेत जातेय. फुकटात रुंद पट्टा मिळत नाही.

तिसरी पायरी : प्रकार निवडा

नवशिक्याला माझा सल्ला साधा आहे : डबीत मावत असेल तर तार. पाव लांबीची इनॅमलची किंवा इन्सुलेशन असलेली तार, एका टोकाला सोल्डर केलेली. जवळपास फुकट मिळते, ट्यून करायला कटर पुरतो आणि ती बोर्डापासून लांब असली तर कार्यक्षमता बहुतेक विकतच्या छोट्या अँटेनांपेक्षा सरस निघते. स्प्रिंगसारखा हेलिकल म्हणजे तीच तार गुंडाळलेली. जागा वाचते, पट्टा आक्रसतो, आणि स्प्रिंग जरा वाकडी झाली की वारंवारता बदलते.

बोर्डावरच तांब्यात छापायचा असेल तर उलट्या एफच्या आकाराचा अँटेना घ्या. सगळे त्याला आयएफए म्हणतात. ग्राउंडला समांतर जाणारी एक पट्टी असते, तिचं एक टोक ग्राउंडला जोडलेलं असतं आणि त्या जोडापासून थोड्या अंतरावर सिग्नल दिलेला असतो. पट्टी ग्राउंडच्या जवळ आणली की तिचा रोध पाव लांबीच्या उभ्या तारेच्या ३६ ओहमपेक्षा बराच खाली येतो. ग्राउंडचा तो जोड त्याला पुन्हा ५० ओहमच्या जवळ नेतो, या अँटेनाची खुबी हीच. २.४ गिगाहर्ट्झसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने अशी दोन डिझाइनं मापांसकट खुली केली आहेत. एक २५.७ बाय ७.५ मिलिमीटरचं आणि दुसरं नागमोडी, १५.२ बाय ५.७ चं. पहिल्या प्रकल्पात स्वतःची कल्पकता दाखवू नका. माप न माप तसंच उतरवा, बोर्डाची जाडीसुद्धा. जाडी बदलली की तो अँटेना दुसराच झाला.

चिप अँटेनाची मोहिनी वेगळी. तांदळाच्या दाण्याएवढा सिरॅमिकचा तुकडा, डेटाशीटमध्ये सुंदर आलेख. पण तो आलेख कंपनीच्या स्वतःच्या चाचणी बोर्डावरचा असतो. त्या बोर्डाचं ग्राउंड तुमच्या ग्राउंडपेक्षा मोठं असेल, तर आलेखातली कार्यक्षमता विसरा. डेटाशीटमध्ये आधी ग्राउंडचं माप शोधायचं, मगच किंमत विचारायची.

मनगटावर किंवा पाण्याच्या अगदी जवळ राहणाऱ्या यंत्रांना लूप अँटेना मानवतो, पण त्याचं डिझाइन नवशिक्याने पहिल्याच फटक्यात करू नये. आणि ईएसपी-३२ चं तयार मॉड्यूल वापरत असाल तर तुमचं काम एवढंच : अँटेनाचं टोक बोर्डाच्या कडेबाहेर काढा आणि भोवती किमान १५ मिलिमीटर मोकळं ठेवा. बनवणारी कंपनी स्वतः तेवढं सांगते, तरी लोक त्याच्याखाली बॅटरी चिकटवतात.

आपल्या टाकीच्या सेन्सरसाठी तार घेऊ. बोर्डाच्या अरुंद कडेपासून आधी बाहेर पडणारी, मग डबीच्या आतल्या भिंतीला धरून वळणारी.

तार आखूड करायचा मोह होईल, म्हणून हा हिशेब. ८६६ ला १५ मिलिमीटरच्या उभ्या तारेचा प्रारण-रोध (हवेत जाणारी शक्ती ज्यावरून काढतात तो) पाऊण ओहमदेखील भरत नाही. तिला जुळवून घ्यायला कॉइल लागते. त्या कॉइलचा स्वतःचा रोध समजा ३ ओहम. दिलेल्या शक्तीपैकी हवेत जाते साधारण २० टक्के, बाकीची कॉइल तापवते. मॅचिंग, म्हणजे रेडिओ आणि अँटेनाचा रोध जुळणं, मात्र झकास दिसतं.

चौथी पायरी : बोर्डाची मांडणी

अँटेनाच्या खाली आणि भोवती कुठल्याही थरात तांबं नको. सॉफ्टवेअरला मोकळी जागा दिसली की ते ती तांब्याने आपोआप भरतं (कॉपर पोअर), म्हणून तिथे कीप-आउट, म्हणजे तांबं नको असलेली जागा, आखून ठेवा आणि बोर्ड बनवायला पाठवायची गर्बर फाइल उघडून प्रत्येक थर डोळ्यांनी बघा. ग्राउंडच्या कडेला व्हायांची, म्हणजे थर जोडणाऱ्या छिद्रांची, रांग द्या, म्हणजे वरचं आणि खालचं ग्राउंड एकच वागेल.

रेडिओ चिपपासून अँटेनापर्यंतचा ट्रेस, म्हणजे तांब्याची रेघ, ५० ओहमचा हवा. १.६ मिलिमीटरच्या दोन थरी एफआर-४ (नेहमीच्या काचतंतूच्या) बोर्डावर साध्या मायक्रोस्ट्रिपची, म्हणजे फक्त खाली ग्राउंड असलेल्या ट्रेसची, रुंदी जवळपास ३ मिलिमीटर येते, आणि एवढा पट्टा छोट्या बोर्डावर अवजड होतो. ट्रेसच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड जवळ आणलं तर रुंदी एक मिलिमीटरच्या घरात येते. किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा कॅल्क्युलेटर आहे, त्यावरून काढा. ट्रेस सेंटिमीटरभरापेक्षा छोटा असेल तर ८६६ ला थोडं इकडेतिकडे झालं तरी आभाळ कोसळत नाही. २.४ ला कोसळतं.

चिप आणि अँटेनाच्या मध्ये तीन सुट्या भागांचे पॅड ठेवायचे : एक मालिकेत, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ग्राउंडकडे. त्याला पाय (ग्रीक अक्षर π) नेटवर्क म्हणतात. सुरुवातीला मालिकेत शून्य ओहम, बाकी दोन रिकामे. 'आमचा अँटेना ५० ओहमचाच आहे' म्हणून हे पॅड गाळणारे लोक पुढच्या महिन्यात नवीन बोर्ड मागवताना दिसतात.

बॅटरी अँटेनापासून दूरच्या टोकाला. धातूचे स्क्रू, डिस्प्लेची चपटी केबल, सेन्सरच्या लांब वायरी, सगळं तिकडेच. टाकीत उतरणारी सेन्सरची वायर तर खास डोकेदुखी. ती ग्राउंडचा भाग बनून स्वतःच लहरी फेकायला लागते. ती अँटेनाच्या विरुद्ध बाजूने काढा आणि बोर्डात शिरते तिथे फेराइट (नको त्या लहरी रोखणारा चुंबकीय मणी) घाला.

पाचवी पायरी : मोजल्याशिवाय कापू नका

पूर्वी अँटेना मोजणारा व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर म्हणजे मोठ्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुलपात असलेली वस्तू. नॅनोव्हीएनए या हातात मावणाऱ्या स्वस्त अवताराने ते बदललं. मूळ नॅनोव्हीएनए ९०० मेगाहर्ट्झपर्यंत नीट मोजतो, म्हणजे ८६६ साठी पुरतो. २.४ गिगाहर्ट्झला मात्र ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी दुसरी आवृत्ती घ्या. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर एकाच फेरीत एसएमए कनेक्टर, आरजी-३१६ ची पातळ केबल, फेराइटचे मणी आणि तांब्याची चिकटपट्टी घेऊन या. ठाण्याहून दादर, दादरला पश्चिमेची गाडी, ग्रँट रोडला उतरा.

केबल बोर्डाला अशी लावायची. पाय नेटवर्कमधला मालिकेतला शून्य ओहम काढा, म्हणजे रेडिओ चिप बाजूला होते. केबलची आतली तार अँटेनाच्या बाजूच्या पॅडला सोल्डर करा, बाहेरची जाळी तिथेच जवळच्या ग्राउंडला. जाळीचं टोक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सुटं राहू देऊ नका. केबल ग्राउंडच्या मधूनच, अँटेनाला काटकोनात बाहेर काढा आणि बोर्डाजवळ दोन-तीन फेराइट मणी ओवा. कॅलिब्रेशन म्हणजे ओपन, शॉर्ट आणि ५० ओहम लोड. ते जमेल तितकं केबलच्या शेवटाजवळ करायचं.

मग मोजमापावर विश्वास ठेवायच्या आधी ही चाचणी घ्या. केबल हातात धरा, हात मागेपुढे सरकवा. पडद्यावरची रेषा हलतेय? मग तुम्ही अँटेना मोजत नाही आहात, केबल मोजताय. मणी वाढवा, केबलची जागा बदला, रेषा हातामुळे जवळपास हलेनाशी होईपर्यंत पुढे जाऊ नका. छोट्या बोर्डावर ही अडचण येतेच, कारण ग्राउंड अपुरं असल्यामुळे प्रवाह केबलच्या जाळीवर चढतो आणि केबल फुकटचं ग्राउंड बनते. टेबलावर अँटेना देखणा दिसतो, केबल काढली की यंत्र मुकं.

एस-११, म्हणजे अँटेनाकडून परत आलेल्या शक्तीचं माप, वाचताना इतकं ध्यानात ठेवा. उणे १० डेसिबल म्हणजे दहा टक्के शक्ती परत आली. उणे ६ म्हणजे पंचवीस टक्के. उणे १० हे छोट्या यंत्राला उत्तम, उणे ६ चालण्याजोगं. उणे १० वरून उणे ३० वर नेण्यासाठी रात्र जाळू नका. त्यात मिळतो जेमतेम अर्धा डेसिबल.

सहावी पायरी : ट्यूनिंग

आधी लांबी, मग सुटे भाग. हा क्रम उलटा करायचा नाही.

तार हिशेबापेक्षा लांबच ठेवून सुरू करा. ८६६ ला एक मिलिमीटर कापलं की अनुनाद साधारण १० मेगाहर्ट्झ वर जातो. समजा तो ८२० वर दिसतोय. साडेचार-पाच मिलिमीटर कापायचे आहेत, तर आधी तीनच कापा आणि पुन्हा मोजा. २.४ गिगाहर्ट्झला हाच एक मिलिमीटर ८० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे जवळजवळ अख्खा पट्टा. तिथे कटरऐवजी धारदार ब्लेड आणि भिंग लागतं. छापलेल्या अँटेनाचं टोक पहिल्या बोर्डावर मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवा. कापणं सोपं, जोडायला तांब्याची पट्टी चिकटवत बसावं लागतं.

अनुनाद जागेवर आला पण मॅचिंग अजून पातळ आहे, असं दिसलं की स्मिथ चार्ट उघडा. अँटेनाचा रोध बिंदूने दाखवणारा फिलिप स्मिथ यांचा हा तक्ता १९३९ चा. पहिल्यांदा बघणाऱ्याला जाळ्यासारखा वाटतो, पण सुरुवातीला चार नियम पुरतात : मालिकेतला इंडक्टर बिंदूला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतो, मालिकेतला कपॅसिटर उलट, ग्राउंडकडचा कपॅसिटर घड्याळाच्या दिशेने, ग्राउंडकडचा इंडक्टर उलट. मधोमध पोचायला दोन भागांहून जास्त लागत असतील किंवा किमती फार मोठ्या येत असतील, तर ती अँटेनाची चूक आहे. परत लांबीकडे आणि जागेकडे जा. इंडक्टर शक्यतो वायरवाउंड (तार गुंडाळलेला) घ्या, थरांचा स्वस्त इंडक्टर शक्ती खातो.

सातवी पायरी : झाकण लावा, पाणी शिंपडा

वरचं सगळं ट्यूनिंग उघड्या बोर्डावर केलं असेल तर ते फक्त सराव होता. खरं ट्यूनिंग बॅटरी बसवून, स्क्रू घट्ट करून, झाकण लावून करायचं. प्लास्टिक जवळ आलं की अनुनाद खाली सरकतो. तार भिंतीला चिकटलेली असेल तर जास्त, दोन मिलिमीटर अंतर असेल तर कमी. म्हणून तारेला भिंतीपासून लांब धरणारी छोटी खाच डबीतच करून घ्या. ती नसेल तर जुळणी करणारा प्रत्येक जण तार आपल्या मनाप्रमाणे वळवेल आणि शंभर यंत्रांचे शंभर अनुनाद होतील. काळ्या डबीच्या प्लास्टिकमध्ये कार्बन किती आहे तेही विचारा. जास्त असेल तर तोटा वाढतो.

आता पाऊस. या वारंवारतांवर पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तो जितका जास्त, तितका अनुनाद खाली सरकतो) ८० च्या आसपास असतो, प्लास्टिकचा ३ च्या. जून ते सप्टेंबर आपली डबी ओलीच राहणार. ओलं फडकं झाकणावर टाका आणि रेषा कुठे जाते ते नोंदवा. मग भरलेल्या बादलीवर फळी ठेवून त्यावर डबी ठेवा, टाकीचं नाटक म्हणून. कोरड्या आणि ओल्या स्थितीतल्या अनुनादांच्या मधोमध ८६६ येईल अशी लांबी धरा. कोरड्यात सर्वोत्तम असलेला अँटेना इथे शहाणपणाचा नाही. तसंच डबीचं झाकण उतरतं करा, सपाट झाकणावर तळं साचतं. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही, तेव्हा सोल्डरच्या जागी कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप) द्या. कोटिंगनंतर पुन्हा एकदा मोजा, तेही थोडं सरकवतं.

आठवी पायरी : स्टीलचा डबा

एस-११ फक्त इतकंच सांगतं की शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की कॉइलमध्ये जळाली, हे त्याला कळत नाही. ५० ओहमचा साधा रेझिस्टर लावला तरी एस-११ अप्रतिम येतं आणि हवेत काहीच जात नाही.

याचा उलगडा करायची युक्ती व्हीलर यांनीच १९५९ मध्ये दिली. अँटेनावर धातूचं झाकण घालायचं. अँटेनापासून भिंत तरंगलांबी भागिले दोन पाय (२π), म्हणजे ८६६ ला ५५ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातला दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचा गोल स्टीलचा डबा याला उत्तम. झाकणाला भोक पाडून केबल आत घ्या, केबलची जाळी डब्याला जोडा, बोर्ड मधोमध धरा, झाकण नीट बसवून फटींवर तांब्याची पट्टी लावा. उंचीही फार नको, नाहीतर डबा स्वतःच वाजायला लागतो. याच डब्यात २.४ गिगाहर्ट्झ मोजू नका. तो तिथल्याच आसपास घुमतो, त्यासाठी बराच लहान डबा लागेल.

हवेत जाणारी शक्ती आता अडली. चांगल्या अँटेनाची रेषा डब्यात गेल्यावर जवळजवळ शून्य डेसिबलवर चढते, म्हणजे सगळं परत येतं. डब्यात घालूनही उणे ८-१० चा खड्डा दिसतोय? मग तुमची शक्ती कॉइलमध्ये किंवा बोर्डाच्या एफआर-४ मध्ये मुरतेय. डब्यामुळे अनुनाद थोडा सरकतो, त्यामुळे एकाच बिंदूवर डोळे लावून न बसता आजूबाजूचा भागही बघा. अचूक आकडा मिळणार नाही, पण दोन डिझाइनांत कोण खोटं बोलतंय ते नक्की कळतं. घरचा डबा भोक पाडण्याआधी विचारून घ्या.

नववी पायरी : गच्चीवर

तुलनेसाठी एक माहितीतला अँटेना हवा. ८६६ साठी दोन बाजूंना प्रत्येकी साधारण ८२ मिलिमीटर तार घेऊन डायपोल करा आणि व्हीएनएवर जुळवून घ्या. त्याच रेडिओवर, त्याच जागी, आधी हा डायपोल आणि मग तुमचा अँटेना. रिसीव्हरवर आरएसएसआय, म्हणजे आलेल्या सिग्नलची ताकद, नोंदवा. एका जागेचं वाचन निरर्थक असतं, कारण भिंतींवरून परतणाऱ्या लहरी हातभर अंतरावरही मोठा फरक पाडतात. यंत्र फिरवत, थोडं सरकवत पुष्कळ वाचनं घ्या आणि सरासरी काढा. तुमचा अँटेना डायपोलपेक्षा ३-४ डेसिबलने मागे असेल तर या आकाराला छान. ६ मागे असेल तर मोकळ्या हवेत पल्ला निम्मा होतो, तरी काही कामांना पुरतं. १० मागे असेल तर दुसऱ्या पायरीवर परत.

आपल्या सोसायटीच्या उदाहरणात इथे एक खास सापळा आहे. उभा अँटेना चहूकडे फेकतो, पण नेमका सरळ वर आणि सरळ खाली जवळपास काहीच फेकत नाही. टाकी गच्चीवर, पंपरूम बरोबर तिच्याखाली. म्हणजे अँटेना दिमाखात उभा केला की त्याची आंधळी दिशा थेट पंपरूमकडे! इथे तार आडवी ठेवा. रिसीव्हरही तळघरात गाडण्यापेक्षा वॉचमनच्या केबिनजवळ किंवा जिन्याच्या बाजूला लावा आणि तिथून पंपरूमला वायर न्या. स्लॅब फोडत जाण्यापेक्षा सिग्नल बऱ्याचदा जिन्यातून आणि डक्टमधून खाली येतो.

इमारतीइमारतींमध्ये बोलायचं असेल, समजा शंभर घरांच्या वसाहतीत, तर उंचीला महत्त्व येतं. ८६६ ला एक किलोमीटरच्या मार्गाच्या मध्यावर पहिला फ्रेनेल प्रदेश, म्हणजे सिग्नल ज्यातून जातो ती लांबट जागा, साधारण ९ मीटर त्रिज्येचा असतो. तेवढी जागा झाडं, पत्रे आणि होर्डिंगपासून बरीचशी मोकळी हवी. समोरची गच्ची नुसती दिसून भागत नाही.

दहावी पायरी : कागदपत्रं आणि उत्पादन

विक्री करायची असेल तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची, ईटीए ही यंत्राची मान्यता लागते. विनापरवाना पट्ट्यातल्या यंत्रांसाठी ती सरल संचार पोर्टलवरून मिळते, सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडायचा. मायक्रोवेव्हवर काम करणारी समीर ही सरकारी संस्था आपल्याकडेच आहे, मुख्यालय पवईला आयआयटीच्या आवारात आणि एक केंद्र खारघरला. कुठली चाचणी कुठे होते ते जाण्याआधी विचारून घ्या. ८६५ ते ८६८ मध्ये ट्रान्समीटरची मर्यादा १ वॉट आणि अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीची (ईआरपी) ४ वॉट आहे. लोरा चिप २२ डेसिबल-मिलिवॉटच्या (सुमारे ०.१६ वॉट) पुढे जात नाही, तेव्हा मर्यादा ओलांडायची भीती कमी आणि कमी पडायची जास्त. अँटेनाचा मूळ अभ्यास करायचा असेल तर आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांची एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरची अँटेनांवरची व्याख्यानं बघा. इंग्रजीत आहेत, पण सावकाश समजावलेली.

पहिल्या खेपेचे बोर्ड आले की त्यातले चार-पाच उचलून अनुनाद मोजा. एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.२ ते ४.६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो आणि पुरवठादाराने मटेरियल बदललं तर तुम्हाला कुणी फोन करून सांगत नाही. छापील अँटेना असेल तर ऑर्डरमध्ये लॅमिनेटचं नाव आणि जाडी लिहूनच द्या. जुळणीच्या टेबलावर तार कापायचा लाकडी साचा ठेवा, प्रत्येक तार त्यातूनच. आणि मोजलेला एक पक्का नमुना, झाकण लावलेला, कपाटात जपून ठेवा. उद्या डबीवाला 'फक्त दोन मिलिमीटर' भिंत जाड करून आणेल, तेव्हा शेजारी ठेवून मोजायला तो लागेल.